समोर बसलेल्या माणसाचे नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सहलीत ओरत्तनाडु येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भोजनोत्तर भाषण ठेवणे हा श्रोत्यांवर अन्याय असतो आणि वक्त्यावर त्याहून मोठा. परंतु आमच्या मंडळाने गेल्या पन्नास वर्षांत हा अन्याय इतक्या निष्ठेने चालविला आहे की, त्यास आता परंपरेचे रूप आले आहे. ती मोडण्याचे धैर्य आम्हांस नाही. शिवाय आजच्या विषयाचे आम्हांवर एक देणे आहे. ते येथे, याच गावी, फेडावे असे आम्ही ठरविले होते.

विषय ठाऊक आहेच. आपल्या मंडळाच्या माडीवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी पाच-सात मंडळी चित्रे काढावयास जमतात. पहिले वर्षभर त्यांनी सुरई, आंबे, पितळी समई आणि खिडकीतून दिसणारे शेवग्याचे झाड काढले. पुढे त्यांनी कार्यकारिणीकडे अर्ज केला की, आता जिवंत माणूस समोर बसवून रेखाटन करण्याची परवानगी मिळावी, आणि बसणाऱ्यास मोबदला देण्यासाठी अल्पशी तरतूद व्हावी. कोपऱ्यावर फुले विकणाऱ्या बाई बसावयास तयार होत्या. पूर्ण वस्त्रांत, रोजच्या लुगड्यात, फुलांच्या टोपलीसह. तरीही सभेत बराच गदारोळ झाला. "आज टोपलीसह, उद्या कशासह?" असा प्रश्न कोणी तरी केला, सभा हसली आणि अर्ज फेटाळला गेला. त्या अर्जाविरुद्ध दोन पानी टिपण लिहून सभेपुढे ठेवणारे गृहस्थ आम्हीच होतो. शासकीय नोकरीत तीस वर्षे घालविलेल्या मनुष्याला नकाराचे टिपण लिहिणे फारसे जड जात नाही. आज ते टिपण परत घ्यावयाचे आहे, आणि ते का, हे सांगावयाचे आहे.

प्रथम या गावाविषयी. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे ओरत्तनाडु. याचे दुसरे नाव मुक्तांबापुरम्. आपण आत्ताच जे छत्र पाहून आलो ते सरफोजी महाराजांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, १८०२ च्या सुमारास बांधविले. ज्या मुक्तांबेच्या नावाने ते बांधले ती महाराजांची विवाहित राणी नव्हती. त्या काळच्या शब्दांत सांगावयाचे तर ती नाटकशाळा होती. राजघराण्यांच्या वंशावळींत अशा स्त्रियांना जागा नसते. परंतु आपल्या नावाचे छत्र व्हावे अशी तिची अंतकाळीची इच्छा होती असे सांगतात, आणि महाराजांनी ती अक्षरशः पुरविली. रामेश्वरच्या वाटेने जाणाऱ्या यात्रेकरूंना येथे अन्न मिळू लागले, मुलांना विद्या मिळू लागली. १८०१ साली तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात महाराजांनी राज्यातील छत्रांचे कार्य वर्णिले आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्वांस अन्न, आजाऱ्यास वैद्य, पोरक्या मुलांचा सांभाळ, अडलेल्या गर्भिणीची शुश्रूषा. राज्याचा कारभार १७९९ च्या तहाने कंपनीकडे गेला होता, हाती उरला होता तो किल्ला आणि हा दानधर्म. त्या दानधर्मात महाराजांनी एका अनौरस नात्यातील स्त्रीचे नाव कोरून ठेविले. येथला पाटसरू तिच्या नावाने जेवला, येथला विद्यार्थी तिच्या छपराखाली शिकला. हे नाव आपण ध्यानात ठेवावे. पुढे त्याकडे परत यावयाचे आहे.

सरफोजी महाराजांचा आणि चित्रांचा संबंध केवळ हौसेचा नव्हता. सरस्वती महालात सकाळी आपण शार्ल ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराची चित्रे पाहिलीत. माणसाचे मुख आणि पशूचे मुख यांची तुलना करणारी ती चित्रे पाहून आपल्यापैकी काहींना आपापल्या साहेबांची आठवण झाली, हे आम्ही ऐकले. ल ब्रं हा चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार. त्याची चित्रे हौसेने मागवून ठेवणारा हा मराठी राजा मनुष्याच्या शरीराकडे जिज्ञासेने पाहत होता. त्याच्याच काळची नेत्ररोग्यांची टिपणे तेथे आहेत, आणि टिपणांसोबत रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. हे डोळे कल्पनेने काढलेले नाहीत. कोणी एक चित्रकार कोणा एका पीडित माणसासमोर बसला, त्याच्या डोळ्यातील पडदा, लाली, सूज त्याने पाहिली, आणि जशी दिसली तशी उतरविली. जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे आम्ही आमच्या टिपणात लिहिले होते. तंजावरच्या मराठी राजाच्या पदरी दोन शतकांपूर्वी हेच चालले होते, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हते.

त्याच काळी तंजावरच्या चित्रकारांनी कंपनीच्या साहेबांसाठी आणखी एका प्रकारची चित्रे काढली. विलायतेच्या संग्रहालयांत ती आजही आहेत. एकेका पानावर एक पुरुष व एक स्त्री, कोष्टी आणि त्याची बायको, कुंभार आणि त्याची बायको, शिपाई, गारुडी, भिक्षेकरी. वस्त्रे, दागिने, हत्यारे, सारे काटेकोर. खाली जात लिहिलेली, धंदा लिहिलेला. नाव मात्र बहुधा नाही. ज्यांना पाहून हे चितारले गेले ती माणसे कोण, त्यांस दोन पैसे तरी मिळाले काय, हे त्या पानावरून कळत नाही.

आता तंजावर सोडून मुंबईस जाऊ. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली निघालेल्या कलाशाळेत विद्यार्थी प्रारंभी बरीच वर्षे ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून हात बसवीत. मराठी मुलाने अथेन्सच्या देवाचे नाक घोटावयाचे, अशी ती विद्या. चेहऱ्याचा आणि वस्त्रे ल्यालेल्या माणसाचा अभ्यास होत असे. परंतु संपूर्ण मानवी देहाचा पद्धतशीर अभ्यास, ज्यास लाइफ क्लास म्हणतात, तो सुरू झाला १९१९ साली, कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन हे प्रमुख होऊन आल्यानंतर. त्यावरून वादळ उठले. एका बाजूस नीतीची काळजी वाहणारे होते, तर दुसऱ्या बाजूस कलेची काळजी वाहणारे. मद्रास व कलकत्ता येथील कलाशाळांचे प्रमुख राहिलेले हॅवेल यांचे म्हणणे असे की, भारतीय कलावंत ध्यानातून रूप पाहतो. समोरच्या देहाची नक्कल करणे ही त्याची रीत नव्हे. सॉलोमन यांनी अजिंठ्याकडे बोट दाखविले. अजिंठ्यातील स्त्रियांवर त्यांनी १९२३ साली एक पुस्तकच लिहिले. देह नीट पाहिल्याविना असे देह कोणी रंगवू शकेल काय, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. वादाचा निकाल लावण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही साधे बी. ए. आहोत. परंतु नवी दिल्लीच्या सचिवालयात, नॉर्थ ब्लॉकमध्ये, मुंबईच्या या शाळेच्या कलावंतांनी काढलेली भित्तिचित्रे आहेत, आणि दिल्लीच्या नोकरीत असताना फायली बगलेत मारून आम्ही त्यांच्याकडे मान वर करून कैक वेळा पाहिले आहे. तो हात, तो खांदा, ती वळलेली मान, कोणी तरी तासन्‌तास बसले म्हणून तेथे आली, एवढे आता कळते.

मद्रासकडची गोष्टही सांगावयास हवी, कारण आपण येथले अन्न खातो. मद्रासची कलाशाळा मुंबईहूनही जुनी, १८५० सालची, आणि तिचा संस्थापक अलेक्झांडर हंटर हा पेशाने शल्यवैद्य. पुढे १९२९ पासून १९५७ पर्यंत देवीप्रसाद रायचौधुरी हे तिचे प्रमुख होते. जिवंत माणसावरून अभ्यास करण्यास त्यांनी शाळेत मोठे स्थान दिले. मरीना किनाऱ्यावर प्रचंड शिळा उलथणाऱ्या चार मजुरांचे त्यांचे शिल्प १९५९ साली उभे राहिले. रविवारी भेळ खाता खाता आपली मुले त्या मजुरांच्या पायाशी खेळतात. त्या पाठींवरील ताठरलेले स्नायू पुस्तकातून शिकता येत नाहीत.

आणि आपल्या घराघरांत आढळणारे एक चित्र घ्या. हातात निरांजन धरलेली, ज्योतीवर हाताचा आडोसा केलेली ती स्त्री. कित्येक घरांत ते राजा रविवर्म्याचे म्हणून लावलेले असते. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे, १९४५-४६ च्या सुमाराचे, आणि तेही तैलरंगात नव्हे, जलरंगात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यातील स्त्री म्हणजे त्यांची स्वतःची कन्या, गीता. बापाने सांगितले आणि लेक दिवा घेऊन, हात न हालविता, तासन्‌तास उभी राहिली. शंभरी ओलांडून २०१८ साली कोल्हापुरास त्या निवर्तल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांचे नाव छापले. अनेकांना त्या दिवशी प्रथमच कळले की, आपण ज्या चित्रासमोर वाढलो ते चित्र श्वास घेत होते, संसार करीत होते, म्हातारे झाले होते.

गीताबाईंना नाव मिळाले, कारण त्या चित्रकाराच्या कन्या होत्या. ज्या कोणाच्याच कन्या म्हणून ओळखल्या जात नाहीत, त्यांचे काय? २०१८ सालीच रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट आला. गोव्याच्या महोत्सवातून तो आदल्या वर्षी वगळला गेला म्हणून त्याची चर्चा अधिक झाली. त्याची नायिका मुंबईच्या कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणारी, मुलाच्या शिक्षणासाठी ते काम करणारी, आणि त्या मुलापासूनच ते लपविणारी आई आहे. आम्ही तो पाहिला आणि घरी येऊन विषय बदलला.

विषय बदलून जात नसतो. तो दोन वर्षांमागे आमच्याच घरी जेवणाच्या पानावर आला. कन्या चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकते. एके रात्री तिने सांगितले की, या सत्रापासून लाइफ क्लास आहे. आम्ही भाताचा घास हातात तसाच धरून म्हटले, "हा विषय सोडून दुसरा घेता येत नाही का?"

ती म्हणाली, "बाबा, मी वैद्यकीला गेले असते तर शवविच्छेदन सोडून दुसरा विषय घे म्हणाला असता का?"

आम्ही निरुत्तर झालो, म्हणून रागावलो. दोन दिवस घरात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी, रविवारी, ती ड्रॉइंग बोर्ड घेऊन बैठकीत आली आणि म्हणाली, "तुम्ही बसा माझ्यासाठी. वीस मिनिटे. हालायचे नाही."

आता आपल्याच मुलीसमोर, आपल्याच खुर्चीत, सदरा-लेंगा घालून बसण्यात काय कठीण असावे? पहिली पाच मिनिटे आम्ही रुबाबात होतो. सातव्या मिनिटाला नाकाच्या शेंड्यास खाज सुटली. दहाव्याला डावा पाय बधिर झाला. बाराव्याच्या सुमारास एक विलक्षण गोष्ट झाली. ती आमच्याकडे पाहत होती, परंतु बाबांकडे पाहत नव्हती. टक्कल, कानाची पाळी, गळ्याखालची सैल कातडी, पोट, खाली आलेले खांदे, यांवरून तिची नजर जात होती, आणि त्या नजरेत थट्टा नव्हती, कीव नव्हती, भीतीही नव्हती. इतक्या लक्षपूर्वक आम्हांकडे आयुष्यात कोणी पाहिले नसेल. कचेरीत आमच्या सहीकडे पाहतात, घरी आमच्या मूडकडे पाहतात. वीस मिनिटांनी तिने कागद फिरवून दाखविला. कोळशाने काढलेला एक थकलेला, पन्नाशी उलटलेला मनुष्य खुर्चीत होता. तो आम्हांस आवडला नाही, आणि तो खोटा आहे असेही म्हणवेना. लाइफ क्लासमध्ये अश्लीलता शिकवितात असे आम्ही समजत होतो. तेथे शिकवितात ते असे पाहावयास.

पाय झाडीत आम्ही विचारले, "तुमच्या वर्गात कोण बसते?"

"एक आजी आहेत. दोन बस बदलून येतात. दर अर्ध्या तासाने विश्रांती असते, तेव्हा चादर लपेटून चहा घेतात. थंडीच्या दिवसांत आम्ही हीटर लावतो त्यांच्यासाठी. आमचा हात चुकला तर त्यांना आमच्याआधी कळते, बाबा. 'काल खांदा बरा काढला होतास' म्हणतात."

"नाव काय त्यांचे?"

ती थांबली. "आम्ही पाटी म्हणतो सगळे." पाटी म्हणजे आजी, हे येथे राहणाऱ्यांस सांगणे नको. नाव तिला ठाऊक नव्हते. वर्गातील कोणालाही ठाऊक नव्हते. त्या बाईंच्या पाठीचा प्रत्येक मणका त्यांना तोंडपाठ होता, आणि नाव ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने जाऊन विचारले. बाई प्रथम हसल्या, मग म्हणाल्या, नाव कशाला, नाव लिहिले तर सून वाचील. पुढे सत्र संपता संपता त्यांनी आपण होऊन सांगितले आणि एका चित्राखाली लिहू दिले. ते चित्र आमच्या घरी आहे. नाव आम्ही येथे घेणार नाही, कारण तशी परवानगी त्यांनी एका चित्रापुरतीच दिली होती, भाषणासाठी नव्हे.

मंडळी, आज सकाळी आपण बृहदीश्वराच्या देवळात होतो. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळांच्या काळातील चित्रे आहेत. नायकांच्या काळच्या रंगाखाली ती झाकली गेली होती. १९३१ साली गोविंदस्वामी नावाच्या अभ्यासकाच्या ती दृष्टीस पडली. तेथे नर्तकी आहेत, हवेत तरंगल्यासारख्या, कंबरेत मुरडलेल्या. तो मार्ग सर्वांस खुला नसतो, म्हणून आपण छायाचित्रांवर समाधान मानले. परंतु बाहेरच्या भिंतीवर जे कोरलेले आहे ते सर्वांस खुले आहे. राजराजाने आपल्या राज्यातील देवळादेवळांतून चारशे नर्तकी आणून येथे वसविल्या, आणि त्या चारशेंची नावे भिंतीवर कोरविली. एकेकीचे नाव, ती कोणत्या देवळातून आली ते, कोणत्या आळीत तिचे कितवे घर ते, आणि तिला मिळावयाचा वाटा, वर्षाला शंभर कलम भात. आतल्या चित्रातील नर्तकी या बाहेरच्या यादीतील कोणी होत्या काय, हे सांगता यावयाचे नाही. परंतु ज्यांनी देहाने देवळाची सेवा केली त्यांचे नाव आणि त्यांचा मोबदला राजाने दगडावर लिहून ठेविला, तोही सहस्र वर्षांपूर्वी. सरकारी नोकर म्हणून आम्ही अनेक मस्टर पाहिले. इतके स्वच्छ मस्टर दुसरे पाहिले नाही.

आणि मग आपण या गावी आलो, जेथे राणी नसलेल्या एका स्त्रीचे नाव एका राजाने अन्नछत्रास दिले.

आमच्या टिपणाचा रोख असा होता की, समोर माणूस बसविल्याने मंडळाची अब्रू जाईल. आता वाटते, अब्रूचा प्रश्न होता खरा, परंतु तो मंडळाच्या अब्रूचा नव्हता. जी बाई बसणार तिच्या अब्रूचा होता, आणि तिची काळजी आमच्या दोन पानांत एका ओळीनेही घेतलेली नव्हती. आम्ही तिला विचारलेही नव्हते. ती मात्र रोज आपल्या दारावरून जाते, आणि आपल्या गणपतीला हार तिचाच असतो.

यास्तव आम्ही आपले जुने टिपण मागे घेत आहोत आणि त्याच्या जागी दुसरे सादर करीत आहोत. ते लहान आहे. रविवारच्या मंडळींना माणूस बसविण्याची परवानगी असावी. बसणाऱ्यास योग्य मोबदला आगाऊ ठरवून, त्याच दिवशी, हातात द्यावा. दर वीस मिनिटांनी विश्रांती, चहा आणि पंखा असावा. वस्त्रांविषयी बसणारी व्यक्ती ठरवील, चित्रकार नव्हेत, आणि कार्यकारिणी तर नव्हेच. दार लोटलेले असावे आणि छायाचित्र कोणी घेऊ नये. आणि माडीवर एक वही असावी, तीत बसणाऱ्याचे नाव, त्याची इच्छा असल्यास, त्याच्याच हाताने लिहिलेले असावे. लिहिता येत नसल्यास त्याने सांगावे, आपण लिहावे. इच्छा नसल्यास जागा कोरी सोडावी, परंतु विचारल्यावाचून कोरी सोडू नये.

पहिल्या पानावर बसण्यास कोणी तयार नसेल, तर आम्ही तयार आहोत. वीस मिनिटांचा अनुभव आमच्या गाठीस आहे. नाकास खाज सुटेल तेवढी क्षमा असावी.

मंडळाने पन्नास वर्षे परमुलखात गणपती बसविला, नाटके केली, मुलांना बाराखडी शिकविली. आपली भाषा, आपली माणसे, आपली चित्रे जपली. तंजावरच्या भोसल्यांनी हेच केले, परंतु त्यांनी छत्राचे दार येथल्या माणसाला उघडे ठेविले, म्हणून दोन शतकांनंतरही येथला मनुष्य त्यांचे नाव घेतो. आपली माडी छत्राएवढी मोठी नाही. पाच-सात बोर्ड आणि एक खुर्ची मावेल, इतकी ती आहे.

बाहेर पोरे वह्या घेऊन छत्राचे खांब रेखाटीत बसली आहेत, आणि त्यांच्यासमोर येथला रखवालदार, कोणी न सांगता, ताठ उभा राहिला आहे. आमचे भाषण लांबले तर त्याचे पाय दुखतील. जाता जाता कोणी तरी त्याचे नाव विचारावे.